कुंडीतील शंखपुष्पी आणि गोणीतील शंखपुष्पी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शारदीय नवरात्र नुकतेच संपले होते. एक भगिनी आपल्या दहावीत शिकणाऱ्या मुलीसह चिकित्सालयात आल्या. मुलीला अभ्यासाचा ताण, झोप अपुरी, वाचलेले लक्षात राहत नाही अशी नेहमीची तक्रार होती आणि मी शंखपुष्पी चूर्ण आधीच सुरू केलेले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात एक कुंडी होती. रुपेरी लव असलेली पाने आणि टपोरी निळी फुले. म्हणाल्या, "मॅडम, रोपवाटिकेत शंखपुष्पी म्हणूनच दिली. रोज चार पानं वाटून दिली तर चालेल ना?"

ती शंखपुष्पी नव्हती. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि गृहसंकुलांच्या बागांत सध्या सर्रास लावली जाणारी, मूळची दक्षिण अमेरिकेतील 'ब्लू डेझ' नावाची शोभेची वनस्पती होती. तिचे शास्त्रीय नाव एव्होल्व्युलस ग्लोमेरेटस. आपल्या विष्णुक्रांतेची ती सगोत्र असली, तरी निघंटूंतील द्रव्याशी तिचा संबंध नाही. मी तसे सांगितले. त्यावर त्या भगिनींनी अगदी साधेपणाने विचारले, "मग तुम्ही देता ती खरी कशी दिसते? बघायला मिळेल का?"

दाखविण्यासाठी माझ्यापाशी पुस्तकातील चित्र होते, वनस्पती नव्हती. त्या सायंकाळी औषधी विभागातील गोणी उघडून मूठभर माल कोमट पाण्यात भिजविला आणि भिंगाखाली धरला. त्या एका मुठीत तीन वनस्पती निघाल्या. काही दांडे लवदार, त्यांवर नरसाळ्यासारखी सुकलेली फुले. काही दांडे तारेसारखे बारीक, त्यांवर चिमुकली चपटी फुले. आणि चपट्या शेंगांचे काही तुकडे, जे गोकर्णाखेरीज अन्य कशाचे असणे संभवत नव्हते. व्यापाऱ्याला बोल लावणे सोपे होते. परंतु माल स्वीकारताना मी स्वतः काय तपासले होते? गोणीवरील चिठ्ठी!

त्या दिवसापासून चिकित्सालयाच्या गच्चीवर शंखपुष्पी आणि विष्णुक्रांता या दोन वनस्पती मी वाढवीत आहे. त्यातून जे हाती आले ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक नाव, चार वनस्पती

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात, करप्रचितीय रसायनपादात, चार मेध्य रसायने सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधूचे चूर्ण, मूळ व फुलांसह गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघांतही शंखपुष्पी ही विशेषत्वाने मेध्य, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. मेध्य द्रव्यांत जिला अग्रस्थान दिले, तिच्याच ओळखीविषयी आज देशभर एकवाक्यता नसावी, ही खेदाची बाब होय.

शंखपुष्पी या नावाने मुख्यतः चार वनस्पती वापरात आहेत. पहिली कॉन्व्होल्व्युलस प्लुरिकॉलिस. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आता कॉन्व्होल्व्युलस प्रोस्ट्रेटस म्हणतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशच्या कोरड्या मैदानांत ती उगवते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने शंखपुष्पी म्हणून हिचेच पंचांग स्वीकारले आहे. दुसरी एव्होल्व्युलस अल्सिनॉइडिस, म्हणजे आपली विष्णुक्रांता. महाराष्ट्रात व दक्षिणेत हिलाही शंखपुष्पी किंवा शंखवेल म्हणतात. तिसरी गोकर्ण, क्लायटोरिया टर्नेटिया. केरळात शंखपुष्पी म्हटले की वैद्यांच्या डोळ्यांपुढे हीच वेल येते. चौथी कॅन्स्कोरा डेकसेटा, बंगालमध्ये 'डानकुनी' या नावाने परिचित असलेली.

केरळचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील परंपरेत 'दशपुष्पम्' म्हणून ज्या दहा पवित्र वनस्पती मानल्या जातात, त्यांत विष्णुक्रांती म्हणून एव्होल्व्युलसचाच समावेश आहे. म्हणजे त्या प्रांताने या दोन वनस्पतींची गल्लत केलेली नाही. दोघींना स्वतंत्र नावे व स्वतंत्र स्थान दिले आहे. उलट भावप्रकाश निघंटूत 'विष्णुक्रांता' हा शब्द अपराजितेच्या, म्हणजे गोकर्णाच्या, पर्यायांत येतो. तेव्हा केवळ संस्कृत नाव लिहिले म्हणजे द्रव्य निश्चित झाले, असे समजता येत नाही.

हा गोंधळ आपल्याच शास्त्रात आहे असेही नाही. लिनियसने 1753 साली विष्णुक्रांतेला कॉन्व्होल्व्युलस याच गणात घातले होते. 1762 साली त्याने तिला तेथून काढून एव्होल्व्युलस हा निराळा गण दिला. कॉन्व्होल्व्युलस म्हणजे गुंडाळणारी आणि एव्होल्व्युलस म्हणजे न गुंडाळणारी, उलगडलेली. नऊ वर्षांनी का होईना, त्याने आपली नोंद दुरुस्त केली, हे आपण ध्यानात घ्यावे.

ओळखीच्या खुणा

रोपे समोर असली की भेद ओळखणे मुळीच कठीण नाही. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग पुरेसे होते.

शंखपुष्पी, म्हणजे कॉन्व्होल्व्युलस, जमिनीलगत पसरते. तिच्या अंगावर दाट लव असते, पाने अरुंद व एकाआड एक असतात. फूल पांढरे ते फिकट गुलाबी आणि नरसाळ्यासारखे. फुलाच्या मधोमध कुक्षिवृंत एकच असून त्याच्या टोकाला दोन लांबट कुक्षी असतात.

विष्णुक्रांतेचे दांडे बारीक व चिवट असतात. तेही जमिनीलगत पसरतात, परंतु टोके वर उचललेली दिसतात. फूल फिकट निळे, चाकासारखे चपटे, लहान नखाएवढे आणि लांब नाजूक देठावर. त्यात कुक्षिवृंत दोन असून प्रत्येक पुन्हा दुभंगलेला असतो, म्हणजे टोके चार. फळ धरले की देठ खाली वाकतो. ही कुक्षिवृंतांची खूण सर्वांत विश्वासाची, कारण सुकलेले फूल भिजविल्यावरही ती शोधता येते.

गोकर्णाची पाने संयुक्त, फूल घेवड्याच्या कुळातील, शेंग चपटी. कॅन्स्कोराचे खोड चौधारी व पंखयुक्त, पाने समोरासमोर. पंचांगाच्या गोणीत समोरासमोर पानांची फांदी आढळली तर ती पहिल्या दोहोंपैकी कोणतीच नव्हे, असे निःशंक समजावे.

याखेरीज आपल्याकडे दोन पाहुण्या वनस्पतींपासून सावध राहावे लागते. एक वर सांगितलेली ब्लू डेझ. तिची फुले विष्णुक्रांतेच्या फुलांहून बरीच मोठी आणि फांद्यांच्या टोकांशी दाटीने येणारी असतात. दुसरी एव्होल्व्युलस न्युम्युलॅरिअस. गोल पाने, चिमुकली पांढरी फुले, आणि पेरापेरांतून मुळे सोडत हिरवळीत पसरणारी. तीही मूळची अमेरिकेची. पांढरे फूल पाहून तिला शंखपुष्पी समजणारे भेटतात.

दुष्काळ सोसणारी वनस्पती आणि पनवेलचा पाऊस

विष्णुक्रांता ही आपल्या भागातील रानफुलांपैकी एक. मुरमाड माळ, गवताळ उतार, शेताचे बांध, जेथे माती थोडी आणि ऊन भरपूर, तेथे ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिसू लागते. मूळ खाली काष्ठासारखे कठीण होत जाते. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून गेला तरी पुष्कळदा मुळाशी जीव राहतो आणि पावसाच्या सरींनंतर नवे धुमारे फुटतात.

येथे एक विरोधाभास लक्षात येतो. कोरड्या जमिनीत टिकणारी ही वनस्पती आपल्या बागेत जेव्हा मरते, तेव्हा ती तहानेने मरत नाही; पाण्याने मरते. पनवेलला वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी राहते. माळावर हाच पाऊस उतारावरून वाहून जातो, मुरमातून झिरपून जातो. कुंडीत तो साचतो. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते, रोप एका आठवड्यात काळे पडते. पहिल्या वर्षी मी शंखपुष्पीचे बी मृग नक्षत्रात पेरले. रोपे हौसेने वर आली आणि आषाढ संपेपर्यंत एकही उरले नाही. उत्तरेत पावसाच्या तोंडावर पेरणी करतात, असे वाचून मी तसे केले होते. तेथला पाऊस आणि कोकणचा पाऊस यांतील अंतर मात्र विसरले होते. देशविचार आपण रुग्णाच्या बाबतीत करतो, तो रोपाच्याही बाबतीत करावा लागतो.

विष्णुक्रांतेची लागवड

जागा अशी निवडावी की जेथे किमान सहा तास थेट ऊन मिळेल. गच्ची, दक्षिणेकडील अंगण किंवा आवाराच्या भिंतीलगतचा उंच वाफा योग्य. सावलीत दांडे लांबतात, पाने विरळ होतात आणि फुले येत नाहीत.

मातीच्या पसरट कुंड्या उत्तम. तळाच्या छिद्रावर खापर ठेवून वर दोन बोटे विटांचे तुकडे पसरावेत. मिश्रणात दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग साधी माती घ्यावी. शेणखत ओंजळभर पुरे. खत जास्त झाले की हिरवा पाला माजतो व फुले कमी होतात. कुंडीत तांब्याभर पाणी ओतले असता ते लगेच खालून निघून गेले, तर मिश्रण जमले असे समजावे.

फळे तपकिरी झाली की बी गोळा करावे. फळ लहान गोलाकार असून त्यात बहुधा चारपर्यंत बिया असतात. पिकताच ते उकलून बी सांडते, म्हणून खाली वाकलेल्या देठांकडे रोज सकाळी लक्ष ठेवावे. या कुळातील बीजांचे कवच कठीण असते. त्यामुळे पेरण्यापूर्वी बी दोन पॉलिश पेपरांमध्ये हलके चोळावे व रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. न चोळलेले बी उगवतच नाही असे नाही, परंतु मागेपुढे, महिनोन् महिने उगवत राहते.

पेरणी मघा नक्षत्राच्या शेवटी अथवा पूर्वा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पूर्वार्धात करावी. तोवर पावसाचा मुख्य भर ओसरलेला असतो आणि हवेत ओल असते. बी पातळ पेरून वर वाळूचा हलका थर द्यावा. मूळ सरळ खोल जाणारे असल्याने रोपे शक्यतो उपटून लावू नयेत. जेथे वाढवायची तेथेच पेरावे, अथवा कागदी पेल्यात पेरून पेल्यासकट लावावे. संततधार लागली तर कुंडी वळचणीखाली सरकवावी आणि ऊन पडताच पुन्हा बाहेर ठेवावी.

पाणी देण्याचा नियम एकच. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात दोनदा पुरते. पिठ्या ढेकूण दिसल्यास फांदी छाटून टाकावी. औषधासाठी वाढविलेल्या रोपावर रासायनिक कीटकनाशक मारण्याचा मोह टाळावा.

फुले पाहायची तर सकाळी. ऊन चढेपर्यंत ती पूर्ण उमललेली असतात आणि दुपारी मिटू लागतात. सायंकाळच्या रुग्णतपासणीनंतर गच्चीवर जाणाऱ्याला हे रोप कधी फुललेले दिसणार नाही. प्रारंभी मीही रोप फुलत नाही म्हणून चिंतेत होते!

शंखपुष्पीची लागवड

कॉन्व्होल्व्युलस ही कोकणची रहिवासी नव्हे. ती येथे पाहुणी म्हणूनच राहील. मातीचे मिश्रण वरीलप्रमाणेच, पण वाळूचा भाग अधिक. पेरणी हस्त नक्षत्र संपता संपता, पाऊस परतल्यावर. थंडीत ती पसरते व नंतर फुलते. पावसाळ्यात तिला पारदर्शक छताखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवले तरच ती पुढील वर्ष पाहते. एवढा खटाटोप नको असेल त्यांनी तिला एका हंगामाची मानून दरवर्षी नव्या बीजापासून वाढवावी. मला सौराष्ट्रातील एका वैद्यस्नेह्यांकडून बी मिळाले. फुलावर आल्यावर दोन्ही वनस्पतींच्या फांद्या मी स्थानिक महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून ओळख पक्की करून घेतली. ही पायरी कोणीही गाळू नये. चुकीचे रोप प्रेमाने वाढविले, तरी ते चुकीचेच राहते.

बी कोठून आणावे, याविषयी एक सूचना. कर्नाळा अभयारण्यातून वा अन्य संरक्षित वनातून रोपे उपटून आणणे कायद्याने निषिद्ध आहे आणि नीतीनेही. एखाद्या परिचिताच्या माळावरून वा बांधावरून, त्याच्या अनुमतीने, थोडे बी घ्यावे. मूळ उपटू नये. प्रबळगड, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी बांधवांना या वनस्पती ठाऊक असतात. त्यांची मदत घेतल्यास योग्य मोबदला द्यावा. पनवेल परिसरातील माळ व टेकड्या झपाट्याने कमी होत आहेत. ज्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माळ गेला की माळावरचे बीही जाते.

संग्रह आणि कल्क

रोप फुला-फळांवर असताना, सकाळचे दव सुकल्यावर पंचांग काढावे. दहा रोपांपैकी निदान तीन बीजासाठी राखून ठेवावीत. माती झटकून, स्वच्छ धुऊन, सावलीत वारा लागेल असे वाळवावे. वाळलेल्या मालाचा रंग हिरवट राहिला तर वाळवण योग्य झाली असे समजावे.

येथे चरकोक्त कल्पनेचे महत्त्व जाणवते. आचार्यांनी शंखपुष्पीचा कल्क सांगितला. शार्ङ्गधरांच्या व्याख्येनुसार ओले द्रव्य तसेच वाटून अथवा शुष्क द्रव्य पाण्यासह वाटून कल्क होतो. म्हणजे शुष्क द्रव्याला शास्त्राची मुभा आहेच. तथापि ताज्या शंखपुष्पीचा कल्क ज्याने एकदा केला, त्याला त्याचा हिरवा वास, चिकटसर स्पर्श आणि वर्षभर गोणीत पडून असलेल्या काड्यांचे चूर्ण यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही.

मात्र गच्चीवरील कुंड्यांतून व्यवसाय चालेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. कल्काची सामान्य मात्रा एक कर्ष, म्हणजे आजच्या मापाने 12 ग्रॅम. एका रुग्णाला चाळीस दिवस द्यायचा तर 480 ग्रॅम ताजे द्रव्य लागेल. ही रोपे लहान व विरळ पाल्याची. माझ्या दहा-बारा कुंड्या एका रुग्णालाही पुऱ्या पडत नाहीत. तेव्हा पुरवठा बाजारातूनच होणार. मग या बागेचा उपयोग काय?

कसोटीचा दगड

सोनार सोने खाणीतून काढत नाही. परंतु कसोटीचा दगड त्याच्या पेढीवर असतो. घरी वाढविलेली, ओळख पक्की केलेली ही दोन रोपे हा आपला कसोटीचा दगड होय.

माझी सध्याची पद्धत अशी. दरवर्षी दोन्ही वनस्पतींची एकेक फांदी दाबून, वाळवून, दिनांकासह कागदावर लावते. थोडे शुष्क पंचांग व थोडे बी काचेच्या बरणीत ठेवते. नवा माल आला की गोणीच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून मूठ मूठ घेऊन एकत्र करते, त्यातील काही भाग कोमट पाण्यात भिजवून फुले, पाने, फळे निराळी करते आणि बरणीतील नमुन्याशी ताडून पाहते. अर्धा तास पुरतो. माल मिश्र निघाल्यास परत करते, आणि का परत केला ते व्यापाऱ्याला नमुना दाखवून सांगते. गेल्या दोन वर्षांत दोन गोण्या परत गेल्या. तिसऱ्या वेळी व्यापाऱ्याने स्वतःच विचारले, "यातली तुम्हाला कोणती हवी?" हा प्रश्न त्याला पडावा, हेच मला हवे होते.

औषधनिर्मात्यांसाठी हा केवळ हौसेचा भाग नाही. उत्तम निर्माणपद्धतीविषयीचे 'शेड्यूल टी' 2000 साली आल्यापासून कच्च्या मालाची तपासणी व नोंद ही त्यांची जबाबदारी आहे, आणि वेष्टनावर घटकद्रव्याचे खरे नाव देणे कायद्याने आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील परीक्षणे हवीतच. परंतु त्यांनाही मर्यादा आहेत. स्कोपोलेटिनसारखे घटक कॉन्व्होल्व्युलस व एव्होल्व्युलस या दोन्हींत आढळल्याची नोंद आहे. केवळ अशा एका घटकावर विसंबून ओळख ठरविणे पुरेसे नाही. आणि चूर्ण झाल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून अखंड पंचांग घ्यावे, पाहावे आणि मगच दळावे. आपल्या गावाला या व्यवसायाची दीर्घ परंपरा आहे. श्री धूतपापेश्वर ही संस्था पनवेल येथे 1872 साली स्थापन झाली. त्या काळी वनस्पती पारखण्याचे काम जाणत्या डोळ्यांकडेच असणार. आज उपकरणे वाढली, म्हणून ते डोळे गमावण्याचे कारण नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विष्णुक्रांता आपल्याकडे सहज उगवते, मग तिलाच शंखपुष्पी म्हणून का वापरू नये? माझे मत असे की, ज्या वैद्यांना विष्णुक्रांतेचा अनुभव आहे त्यांनी ती अवश्य वापरावी. परंतु चिठ्ठीवर विष्णुक्रांता असेच लिहावे. दोन्ही मेध्य असतील. दोन्ही एकच नाहीत. रुग्णाला गुण आला तर तो कोणत्या द्रव्याने आला, हे सांगता आले पाहिजे. गुण आला नाही तर ते अधिकच सांगता आले पाहिजे.

एक सावधगिरी

शंखपुष्पी निरुपद्रवी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि 1992 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध केली. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत, शंखपुष्पी या नावाचे अनेक घटकांचे आयुर्वेदीय पातळ औषध जोडीला सुरू असताना, झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे आढळले होते. पुढे प्राण्यांवरील प्रयोगात, ते औषध फेनिटॉइनबरोबर वारंवार दिले असता रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. म्हणून अपस्माराच्या रुग्णाला शंखपुष्पी देण्यापूर्वी त्याची चालू औषधे आवर्जून विचारावीत, आणि फेनिटॉइन सुरू असेल तर ही जोड टाळावी. "साधी वनस्पती आहे, घरीच वाटून घ्या" असा सल्ला अशा घरात धोक्याचा ठरू शकतो. कुंडी भेट देतानाही हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उपसंहार

ती दहावीची मुलगी आता महाविद्यालयात जाते. त्या वेळी गोणीची हकीकत मी तिच्या आईला सांगितली होती आणि उरलेले चूर्ण परत मागून घेतले होते. सांगताना संकोच वाटला, हे मान्य करते. त्या मात्र म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत." गेल्या ऑक्टोबरात त्या पुन्हा आल्या, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी त्यांना गच्चीवर नेले आणि फुललेली विष्णुक्रांता व शेजारी नुकती उगवलेली शंखपुष्पीची रोपे दाखविली. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "एवढंसं असतं होय!" एवढेच म्हणाल्या.

आपल्या संघटनेच्या सभासदांना माझी विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयाच्या वा औषधालयाच्या उन्हात या वनस्पतींच्या दोन कुंड्या ठेवाव्यात. एक विष्णुक्रांतेची, एक शंखपुष्पीची. त्रैमासिक सभेला येताना जादा झालेले बी कागदाच्या पुडीत, नाव व दिनांक लिहून आणावे. माझ्याकडील विष्णुक्रांतेच्या काही पुड्या पुढील सभेत मी देऊ शकेन. शंखपुष्पीचे बी अद्याप थोडे आहे, ते एका हंगामानंतर. आज शंखपुष्पी, उद्या पाषाणभेद, परवा रास्ना, अशी संदिग्ध द्रव्ये एकेक करून आपल्या अंगणात आणता येतील. जे द्रव्य आपण बीजापासून बीजापर्यंत पाहिले आहे, त्याविषयी रुग्णाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याला पुस्तक शोधावे लागणार नाही.